गोळी जेवणाआधीच का?

प्रश्न : रात्रपाळीहून घरी आलो की पोहे-चहा घेतो, मग पँटोप्रॅझोलची गोळी घेऊन झोपतो. तरी छातीत जळजळतं. ती जेवणाआधीच घ्यायला हवी का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : हो, आणि त्याचं कारण ही गोळी ज्याला बंद पाडते त्या आम्लपंपाच्या, म्हणजे जठरात आम्ल सोडणाऱ्या एन्झाइमच्या, रचनेत आहे. जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींच्या पटलात (पातळ पडद्यात) हे एन्झाइम बसलेलं असतं. त्याचे दोन भाग. मोठा अल्फा पटलातून 10 वेळा आरपार जातो आणि एटीपी या पेशीच्या इंधनाच्या ऊर्जेवर प्रोटॉन (आम्लाचे कण) बाहेर, पोटॅशियम आत नेतो. बीटा एकदाच आरपार जातो. पंपाला आधार देणं आणि योग्य जागी पोहोचवणं हे त्याचं काम.

उपाशीपोटी बरेचसे पंप पेशीच्या आत पुटिकांमध्ये (छोट्या पिशव्यांमध्ये) निष्क्रिय पडून असतात. जेवण आलं की गॅस्ट्रिन, हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलीन या रासायनिक निरोप्यांच्या इशाऱ्यावर पुटिका बाहेरच्या पटलाला जोडल्या जातात आणि पंप सुरू होतात.

खरी गंमत पुढे आहे. गोळीतलं औषध मुळात निष्क्रिय असतं. रक्तातून येऊन ते चालू पंपाजवळच्या तीव्र आम्लातच सक्रिय होतं आणि पंपाच्या सिस्टीनला (त्याच्या प्रथिनातल्या एका घटकाला) घट्ट चिकटतं. बंद पंपाला ते धरू शकत नाही, आणि रक्तात त्याचं प्रमाण साधारण तासाभरात निम्मं होतं. खाल्ल्यावर गोळी घेऊन लगेच झोपलात, तर ही वेळ चुकते. शिवाय आडवं झाल्यावर आम्ल वर येतं, ते वेगळंच.

म्हणून झोपून उठल्यावरच्या पहिल्या जेवणाआधी 30 ते 60 मिनिटं गोळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी चावू किंवा फोडू नका. आवरण गेलं तर औषध जठरातच नासतं. पूर्ण परिणामाला काही दिवस लागतात. गिळताना अडकणं, काळी शौच किंवा वजन घटणं असेल, तर थांबू नका, लगेच तपासून घ्या.