वाचकांचे प्रश्न : घरचा झेंडा आणि स्वतःचे मत

प्रश्न : मी सांगोला तालुक्यातील एका खेड्यातला असून माझे वय 21 वर्षे आहे. सध्या पुण्यात राहून राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करतो. आमचे आजोबा हयातभर शेतकरी कामगार पक्षाचे. लाल बावटा सोडून दुसरीकडे मत देणे म्हणजे घराण्याला बट्टा, अशी त्यांची समजूत आहे. खोलीवरचे मित्र आपापल्या मतांवर इतके ठाम आहेत की, जेवणानंतर वाद सुरू झाला म्हणजे मी गप्प बसतो. स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास वाचताना माझा ऊर भरून येतो. पण ही भावना माझी स्वतःची आहे की अभ्यासक्रमाने दिलेली आहे, हे मला कळत नाही. घरच्यापेक्षा वेगळे मत झाले, तर ती कृतघ्नता ठरेल का? आणि उद्या सरकारी नोकरी लागली, तर अशा मतांचा उपयोग तरी काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या अभ्यासक्रमात यशवंतराव चव्हाण हे नाव बहुधा पदांच्या यादीसारखे येत असेल : 1960 मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, 1962 मध्ये देशाचे संरक्षणमंत्री. ती यादी क्षणभर बाजूला ठेवून त्यांच्या वयाच्या सोळाव्या ते सत्ताविसाव्या वर्षापर्यंतचा काळ पाहावा, कारण आपल्याला पडलेले बहुतेक प्रश्न त्या काळात त्यांनाही पडले होते.

12 मार्च 1913 रोजी देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या यशवंतरावांचे वडील ते लहान असतानाच प्लेगने गेले आणि आई विठाबाईंनी अत्यंत ओढगस्तीत मुलांना वाढवले. थोरले बंधू गणपतराव सत्यशोधक विचारांचे. त्या काळी सातारा जिल्ह्यातील अनेक बहुजन घरांमध्ये काँग्रेसकडे वरच्या जातींची संघटना म्हणूनच पाहिले जाई, आणि असे पाहण्यास सबळ कारणेही होती. अशा घरातील मुलाने काँग्रेसकडे ओढले जाणे म्हणजे ज्या भावाचा आधार, त्याच भावाशी मतभेद पत्करणे होते. सप्टेंबर 1929 मध्ये राजकीय कैद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी या मागणीसाठी लाहोरच्या तुरुंगात उपोषणास बसलेले जतींद्रनाथ दास 63 दिवसांच्या उपोषणानंतर मरण पावले. कधीही न पाहिलेल्या या बंगाली तरुणाच्या मृत्यूने कराडातील सोळा वर्षांचा विद्यार्थी मुळापासून हादरला, हे त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. भावना आपली की शिकवलेली, असे आपण विचारता. यशवंतरावांपर्यंतही ही बातमी छापील कागदावरूनच पोचली होती. भावना कोणत्या वाटेने आली याची चौकशी फार करू नये. ती आल्यावर आपण काय केले, एवढेच तपासण्याजोगे असते.

त्यांनी जे केले ते ठाऊक आहे. लाहोर काँग्रेसच्या ठरावानुसार 1930 पासून 26 जानेवारी हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जाई. 1932 च्या त्या दिवशी कराडमध्ये तिरंगा फडकवल्याबद्दल, वयाला एकोणीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. या प्रसंगाचे आपल्याकडे इतके गोडवे गायले गेले आहेत की, त्यानंतरचा अधिक महत्त्वाचा भाग झाकला गेला. येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवतांसारख्या व्यासंगी माणसाचा सहवास त्यांना लाभला, निरनिराळ्या मतांचे कार्यकर्ते एकाच बराकीत भेटले, वाचन झाले, वाद झाले, आणि झेंडा लावताना ज्याची स्पष्ट कल्पना नव्हती तो प्रश्न समोर उभा राहिला : इंग्रज गेल्यावर शेतकऱ्याचे, कुळाचे, गावकुसाबाहेरच्या माणसाचे काय होणार? या मंथनातून ते समाजवादी विचारांकडे वळले आणि पुढे क्रांतिकारी विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या मांडणीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. तो प्रभावही त्यांनी डोळे मिटून स्वीकारला नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर फॅसिझमविरुद्धच्या लढ्यात इंग्रजांना साथ द्यावी, अशी भूमिका रॉय यांनी घेतली. तिच्यामागील तर्क भक्कम होता आणि वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखा विद्वान रॉय यांच्या बाजूला होता. तरीही गुलाम देशाने राज्यकर्त्याच्या युद्धात उभे राहावे, हे यशवंतरावांना पटेना, आणि ज्यांना गुरुस्थानी मानले त्यांच्यापासून ते दूर झाले. 1942 च्या लढ्यात त्यांनी भूमिगत राहून काम केले. लग्नाला वर्षही झाले नव्हते तोवर वेणूताईंना अटक झाली आणि त्या आजारी असताना त्यांना भेटण्यासाठी आलेले यशवंतराव पकडले गेले.

दहा-अकरा वर्षांत इतकी वळणे आली, तरी त्या माणसाला कोणी अस्थिर म्हटले नाही. मत पक्के होण्याची वाट पाहत तो घरात बसला नव्हता. हाती असलेल्या मतावर काम करत गेला आणि काम करता करता मत सुधारत गेला. आपल्या खोलीवरील मित्रांचा ठामपणा बहुधा अजून कुठे कसोटीला लागलेला नाही. त्यामुळे त्या वादात गप्प बसणे मला तितकेसे गैर वाटत नाही, फक्त गप्प बसणाऱ्याने वाचन थांबवू नये.

आता आजोबांकडे येऊ. शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला तो 1947-48 च्या सुमारास काँग्रेसमधील असंतुष्टांच्या पुढाकाराने. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे हे त्यांतील प्रमुख. त्यांपैकी जेधे हे मूळचे ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी. ते 1930 च्या सुमारास काँग्रेसमध्ये आले, स्वातंत्र्यानंतर शेतकऱ्यांच्या प्रश्नावर बाहेर पडले आणि काही वर्षांनी पुन्हा काँग्रेसमध्ये परतले. म्हणजे आजोबांनी आयुष्यभर ज्या झेंड्याशी इमान राखले, तो झेंडाच मुळी घर सोडणाऱ्यांनी उभारलेला आहे. हे त्यांना वाद म्हणून सुनावू नये. त्या काळाबद्दल त्यांना विचारावे. कोणत्या मोर्चाला गेलात, कोणत्या मागणीसाठी गेलात, दुष्काळात काय केलेत, असे प्रश्न विचारल्यास ते पक्षापेक्षा माणसांविषयी बोलू लागतील असा माझा अंदाज आहे. यशवंतराव काँग्रेसमध्ये गेले तेव्हा बहुजन समाजाविषयीची भावाच्या घरातली कळकळ त्यांनी सोबत नेली होती. आपणही आजोबांचा पक्ष सोडलात आणि त्यांचा प्रश्न सोबत नेलात, तर त्यात कृतघ्नता कसली?

तो प्रश्न कोणता, हे सांगोल्याच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. प्रतिसरकारच्या, म्हणजे 1942 नंतर सातारा भागात इंग्रजांना झुगारून चालवलेल्या समांतर सरकारच्या, लढ्यात धुळ्याचा खजिना लुटणाऱ्या तुकडीत असलेले आणि सातारच्या तुरुंगातून निसटलेले नागनाथअण्णा नायकवडी यांनी 1990 च्या दशकात, सत्तरी ओलांडल्यावर, आटपाडीला दुष्काळग्रस्तांच्या पाणी परिषदा भरवल्या. त्यात सांगोल्याचे शेतकरी कामगार पक्षाचे नेते गणपतराव देशमुखही होते. कृष्णेचे पाणी उपसून दुष्काळी तालुक्यांना द्यावे आणि ते समन्यायाने वाटावे, अशी ती मागणी होती. 1944 साली पिस्तूल हाती घेणारा माणूस पन्नास वर्षांनी पाण्याचा हिशेब मागत होता, आणि त्याच्या दृष्टीने ही दोन्ही कामे एकाच देशाची होती. (ज्या टेंभू गावाच्या नावाने ती उपसा योजना ओळखली जाते, ते गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव, हेही परीक्षेला बसणाऱ्याने लक्षात ठेवावे.)

आपल्याला माझी सूचना अशी की, सुट्टीत गावी जाल तेव्हा या एका विषयाचा पाठपुरावा करावा. योजनेचे पाणी आपल्या शिवारात येते का, कोणत्या महिन्यात येते, पाणीपट्टी किती, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला ते मिळते का, हे आधी लोकांना विचारावे. जे कळणार नाही, ते पाटबंधारे विभागाकडे माहितीच्या अधिकारात मागावे. 2005 च्या या कायद्यानुसार राज्यात अर्जाचे शुल्क दहा रुपये असून तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्यांतल्या एखाद्या सभेला जाऊन ती माहिती मांडावी. सभेला किती माणसे येतात, कोण बोलते, बायका कुठे बसतात आणि उपस्थितीच्या वहीवर सह्या केव्हा घेतल्या जातात, हे पाहिल्यावर आपले राजकीय मत कोणत्या बाजूला झुकते ते आपले आपल्यालाच कळू लागेल. कदाचित त्याच पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यावर संताप येईल ज्याच्या विचारांशी आपण सहमत आहात. तेही होऊ द्यावे.

वाचनाबाबत एकच सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे संविधान सभेतील 25 नोव्हेंबर 1949 चे भाषण पूर्ण वाचावे. उतारे वाचून भागवू नये. राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्यात आहे, आणि सामाजिक व आर्थिक विषमता कायम राहिली तर राजकीय लोकशाहीचा डोलाराच कोसळेल, हाही आहे. देशावरचे प्रेम आणि देशाच्या स्थितीविषयीची अस्वस्थता एकाच माणसाच्या मनात किती उत्कटपणे नांदू शकतात, हे समजण्यासाठी त्या भाषणाइतके उत्तम साधन मला ठाऊक नाही.

सरकारी नोकरीविषयी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला पक्षाचे सदस्य होता येत नाही, प्रचार करता येत नाही. मतदानाचा हक्क मात्र अबाधित असतो. ज्यांना हे बंधन सोसवत नाही त्यांनी नोकरी सोडल्याचे दाखले आहेत. क्रांतिसिंह नाना पाटील मुळात तलाठी होते. दुसऱ्या बाजूला चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण आहे. इंग्रजांच्या आयसीएसमध्ये राहून त्यांनी सचोटीने काम केले, 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडून मोकळे झाले. अधिकाऱ्याचे मत भाषणात दिसले नाही तरी कामात दिसते. विधवेचा वारसनोंदीचा अर्ज तहसील कार्यालयात किती दिवस पडून राहतो, तो कोणाच्या फोनवर हलतो आणि फोन नसेल तर हलतो का, यावरून त्या खुर्चीतील माणसाची राजकीय निष्ठा चांगलीच वाचता येते.

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची असून महाविद्यालयात शिकते. गेल्या वर्षापासून ती विद्यार्थी संघटनेच्या मोर्चांना जाऊ लागली आहे. तिचे वडील सरकारी नोकरीत आहेत. तिला अडवावे असे वाटते, पण ती चुकीचे बोलते आहे असेही म्हणवत नाही. काय करावे?
— एक आई, नाशिक

उत्तर : अडवू नये, असे माझे मत आहे. उषा मेहतांचे वडील ब्रिटिश राजवटीत न्यायाधीश होते आणि ते सेवेत असताना मुलीने चळवळीत पडणे त्यांना परवडणारे नव्हते; 1930 मध्ये ते निवृत्त झाल्यावर ती अडचण उरली नाही, आणि ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत काँग्रेसचे गुप्त रेडिओ केंद्र सुरू झाले, तेव्हा ते चालवणाऱ्यांत ही 22 वर्षांची मुलगी होती. वर उल्लेखिलेल्या विठाबाईंची गोष्ट याहून साधी आहे. मुलाने माफी मागितली तर तो सुटेल, असे एका शिक्षकांनी तुरुंगातील भेटीच्या वेळी सुचवले, तेव्हा शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या माउलीने माफीचे काही कारण नाही असे सांगून मुलाला प्रकृती जपायला सांगितले. आपल्या मुलीपुढे तेवढे मोठे संकट नाही, आणि तिच्या वडिलांच्या सेवेचे नियम मुलीच्या मतांना लागू होत नाहीत; कायद्याने स्थापित शासन उलथवू पाहणाऱ्या चळवळीपासून कुटुंबीयांना परावृत्त करण्याचा प्रयत्न करावा, एवढे मात्र ते नियम वडिलांना सांगतात.

काही व्यावहारिक गोष्टी मात्र तिच्याशी स्पष्ट बोलाव्यात. मोर्चाला पोलिसांची परवानगी आहे का, हे आयोजकांना विचारण्यात भित्रेपणा नाही. पुढे सरकारी नोकरीत जायचे असेल, तर साक्षांकन नमुन्यात, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी भरायच्या अर्जात, दाखल गुन्ह्यांविषयी विचारले जाते. तेथे माहिती दडवणे हे बहुतेक वेळा मूळ किरकोळ गुन्ह्यापेक्षा अधिक नडते. घरचा दूरध्वनी क्रमांक तिला पाठ असावा, कारण मोबाईल काढून घेतला जाऊ शकतो. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही, आणि अपवाद करायचा झाल्यास महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अटक झाल्यास कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे संविधानाच्या अनुच्छेद 22 नुसार बंधनकारक आहे. हे तिने वाचलेले नसेल, तर दोघींनी एकत्र बसून वाचावे.