ज्युनिअर केजीतली मुलगी वर्गात बोलत नाही, मिसनी डायरीत लिहून पाठवलंय. काय उत्तर द्यावं?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: मुलगी साडेचार वर्षांची, परभणीत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. घरी अखंड बडबड, पण जूनपासून वर्गात एक शब्द नाही. मिसनी लिहिलंय, ‘बोलत नाही, लक्ष देत नाही, डॉक्टरला दाखवा’, आणि तुम्हाला राग आलाय. राग साहजिक आहे, पण त्या बाईंनी तुमचं कामच सोपं केलंय. भरलेल्या वर्गात गप्प लेकरू कुणाला त्रास देत नाही, म्हणून ते बहुतेकदा नजरेतूनच सुटतं.

‘घरी तर लई बोलते’ एवढंच उत्तर देऊ नका, त्याने वाद सुरू होतो. खेळताना ती बोलत असेल तेव्हा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि मिसना एकट्यात दाखवा. मुलीसमोर किंवा वर्गात मुळीच नाही.

मग ‘लक्ष देत नाही’ म्हणजे नेमकं काय, ते विचारा. पाठीमागून हाक मारली तर वळते का? ‘लाल खडू दे’ म्हटलं तर देते का? सुट्टीत एखाद्या मैत्रिणीच्या कानात पुटपुटते का? डबा खाते का? लघवीला जायचं असेल तर कसं सांगते? सांगितलेलं करते पण बोलत नाही, तर तिला समजतंय, अडतंय ते बोलण्यापाशी. हाकेला वळत नसेल तर आधी कान.

कानाची तपासणी तशीही करून घ्याच. सारखी सर्दी, तोंडाने श्वास, टीव्ही मोठा लावणं, ही कानाच्या पडद्यामागे पाणी साचल्याची लक्षणं असू शकतात. अशात घरी जवळून बोललेलं ऐकू येतं, पण पंख्याच्या आवाजात लांबून बोललेलं निसटतं. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल तर ते घरात लक्षातही येत नाही. या वयात खेळाच्या पद्धतीने ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी होते आणि टिंपॅनोमेट्रीने, म्हणजे कानाच्या पडद्याच्या तपासणीने, पाणी कळतं. सोय कुठे आहे ते जिल्हा रुग्णालयात विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभारली आहेत, तिथली तपासणी मोफत असते.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्याकडे लेकरू घरी मराठवाडी बोलीत, तांड्यावर गोरमाटीत म्हणजे बंजारा बोलीत, देगलूरकडे तेलुगूत, नाहीतर दखनी उर्दूत वाढतं आणि वर्गात एकदम इंग्रजी येतं. नवी भाषा नुसती ऐकत काही महिने गप्प राहणं हा आजार नाही. पण लेकराने बोलीत ‘काय करायलीस’ म्हटल्यावर कुणी हसलं किंवा ‘असं नाही बोलायचं’ म्हणून टोकलं, तर लेकरू तोंड उघडणंच बंद करतं. म्हणून मिसना स्पष्ट विचारा: मराठीत बोलली तर चालेल ना?

कान ठीक, समजतं सगळं, शाळा सुरू झाल्याचा पहिला महिना सोडून महिन्याहून जास्त काळ ती शाळेत गप्पच, आणि तिथल्या भाषेत घरी मात्र बोलते, तर ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’, म्हणजे ठरावीक ठिकाणी तोंडातून शब्दच न निघणं, असू शकतो. तो हट्ट नव्हे, भीती आहे. निदान बालमानसतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ करतील. खाली दिलेलं तोवर सुरू करता येतं.

सगळ्यात आधी लघवी. धरून ठेवली की जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठ मागे लागतात. चित्राचं एक कार्ड ठरवा, ते उचललं की जायचं. शिवाय डब्याच्या आधी मिसनी तिला स्वतःहून पाठवावं.

मग परवानगी काढून शाळा भरायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं रिकाम्या वर्गात मायलेकी खेळा. तिचा आवाज तिथे निघायला लागला की मिसनी आत यावं, पण लांब बसून आपलं काम करावं, तिच्याकडे बघू नये. पुढच्या वेळी थोडं जवळ. मग प्रश्न न विचारता खेळाबद्दल बोलावं, ‘अरे वा, गाडी पुलाखालून गेली’. त्यानंतर निवडीचे प्रश्न: ‘लाल देऊ का निळा?’ ‘हवा का?’ विचारलं तर ती मान हलवून मोकळी होते. विचारून मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबावं. तुम्हीही मधे उत्तर देऊ नका. मिसशी बोलायला लागली की एक मैत्रीण आणा, मग दोन, आणि तुम्ही हळूहळू बाहेर पडा. सहसा बिघडतं ते घाईने: आवाज बारीक झाला तर एक पायरी मागे या.

पहिला शब्द निघाला तर टाळ्या वाजवू नयेत, काम पुढे चालू ठेवावं. ‘बोल ना’, ‘बोललीस तर चॉकलेट’, पाहुण्यांसमोर ‘ही लाजाळू आहे’, हे घरातही बंद. आजीलाही सांगा.

डायरीत असं लिहिता येईल: ‘मॅडम, लक्ष दिल्याबद्दल आभार. घरी ती मराठीत भरपूर बोलते. कान तपासून रिपोर्ट दाखवतो. तोपर्यंत तिला वर्गासमोर उभं करून बोलायला लावू नका, बोट दाखवून दिलेलं उत्तर चालू द्या आणि लघवीसाठी कार्ड उचलू द्या. पंधरा मिनिटं भेटायला कधी येऊ?’

आधी येत असलेले शब्द बोलायची बंद झाली, घरीही हाकेला ओ देत नाही, किंवा तिचं बोलणं परक्याला बहुतेक समजतच नाही, असं काही असेल तर मात्र वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आणि शाळा ‘एक वर्ष परत बसवा’ म्हणाली तर माझं मत, नको. नुसतं वर्ष फिरवून भीती जात नाही, ओळखीची झालेली लेकरं तेवढी पुढे निघून जातात.