बोधिसत्त्व ‘प्राप्त’ होत नाही

प्रश्न डिचोलीहून आला आहे. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी तिथल्या मंडळींनी पत्रिकेचा मजकूर तयार केला आहे. त्यात एक वाक्य असे: ‘सिद्धार्थाला वयाच्या ३५व्या वर्षी बोधीसत्व प्राप्त झाले.’ कुणीतरी हरकत घेतली, पण नेमके चुकले काय ते सांगता येईना. त्याला जोडून आणखी दोन शंका आहेत. अर्हत म्हणजे बुद्धापेक्षा खालच्या पायरीवरचा का? आणि बाबासाहेबांना बोधिसत्त्व म्हणतात ते कोणत्या अर्थाने?

लेखनाचे आधी उरकून टाकू. मूळ शब्द ‘सत्’ला ‘त्व’ लागून झालेला ‘सत्त्व’, म्हणून त दोनदा. तत्त्व, महत्त्व यांच्यासारखाच. ‘बोधी’ हा शब्द सुटा लिहिताना मराठीत दीर्घ, पण समासात पहिले पद असेल तर मूळचा ऱ्हस्व कायम राहतो: बोधिवृक्ष, बोधिचित्त, बोधिसत्त्व. तेव्हा ‘बोधीसत्व’ दोन ठिकाणी चुकले. याच ओघात आणखी एक जोडी सांगून ठेवतो, कारण पत्रिकांत ती हमखास उलटसुलट होते. ‘बुद्ध’ला ‘त्व’ लागले की बुद्धत्व, त एकच. ‘अर्हत्’मध्ये मुळातच त् आहे, म्हणून अर्हत्त्व, त दोन.

खरी चूक ‘प्राप्त झाले’ या शब्दांत आहे. बोधिसत्त्व ही व्यक्ती आहे, अवस्था नाही. गुरुत्व, नेतृत्व, बुद्धत्व असे शब्द रोज कानांवर पडत असल्यामुळे शेवटी ‘त्व’ दिसला की आपण तो शब्द भाववाचक आणि नपुंसकलिंगी धरतो, आणि ‘बोधिसत्त्व मिळाले’ असे सहज लिहून जातो. इथे ‘त्व’ बोधीला लागलेलाच नाही. तो ‘सत्त्व’ या शब्दाच्या पोटात आहे, आणि सत्त्व म्हणजे प्राणी, जीव. वंदनेत ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ म्हणतात त्यातले ‘सत्ता’ हेच सत्त्व. आपल्याकडे हा अर्थ मागे पडला आणि दुसरे उरले: सत्त्वगुणातले सत्त्व, देवाने सत्त्व पाहिले त्यातले सत्त्व, आणि गोव्यात तर नाचणे भिजवून, वाटून, गाळून काढतात ते सत्त्व. त्यामुळे ‘बोधिसत्त्व म्हणजे बोधीचा अर्क’ असे स्पष्टीकरणही ऐकायला मिळते. ते टिकत नाही. बोधीसाठी, म्हणजे पूर्ण ज्ञानासाठी, झटणारा जीव, हा सरळ अर्थ. पालीतल्या ‘सत्त’चे संस्कृत मूळ ‘सक्त’ असू शकते असे मानणारे अभ्यासकही आहेत. तसे धरले तर बोधीच्या ठायी जडलेला, तिचा ध्यास घेतलेला. तिबेटी भाषांतरकारांनी या शब्दात चित्त आणि शूर असे दोन्ही अर्थ बसवले. व्युत्पत्ती कोणतीही घ्या, माणूस वाटेवरच आहे. मुक्कामाला पोचल्याचे यातले एकही स्पष्टीकरण सांगत नाही.

याला सर्वांत भक्कम पुरावा खुद्द सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या पालीतल्या उपदेशांत, आहे. मज्झिमनिकायातल्या भयभेरवसुत्तात बुद्ध आपल्या पूर्वायुष्याविषयी बोलताना म्हणतात: ‘पुब्बेव सम्बोधा अनभिसम्बुद्धस्स बोधिसत्तस्सेव सतो’. एकेक पद सोडवून पाहा. पुब्बेव सम्बोधा, म्हणजे संबोधीच्या आधीच. अनभिसम्बुद्धस्स, अजून पुरता बुद्ध न झालेल्याला. बोधिसत्तस्सेव सतो, बोधिसत्त्वच असताना. ‘बोधिसत्तस्स’ला जोडलेला ‘एव’ सोडू नका, तो मराठीतला ‘च’. हा वाक्प्रचार इतर सुत्तांतही पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे ‘अजून बोधी झाली नव्हती’ हे सांगण्यासाठी जो शब्द खुद्द बुद्धांच्या तोंडी आहे, तोच आपण बोधी झाल्याचे सांगायला वापरतो आहोत.

आणि त्या काळात हा बोधिसत्त्व करत काय होता? त्याच सुत्तात आहे, आणि माझ्या मते या शब्दाचा अर्थ कोणत्याही व्याख्येपेक्षा तिथे जास्त स्वच्छ कळतो. पक्षातल्या अष्टमी, चतुर्दशी आणि पंधराव्या तिथीच्या रात्री तो मुद्दाम अंगावर काटा येईल अशा वनांतल्या, वृक्षांखालच्या चैत्यस्थानी जाऊन राही. एखादे जनावर जवळ येई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे, आणि मनात येई, आले ते भय. मग त्याने नियम केला: ज्या स्थितीत भय येईल त्याच स्थितीत त्याचा निकाल लावायचा. चालताना आले तर चालतच राहायचे, ते ओसरेपर्यंत थांबायचे नाही, बसायचे नाही, आडवे व्हायचे नाही. बसलेले असताना आले तर ते जाईपर्यंत उठायचे नाही. उभे असताना, पडलेले असताना, तसेच. भय वाटतच नाही तो बोधिसत्त्व, असे इथे कुठेही म्हटलेले नाही.

मराठीत हा शब्द नेमकेपणाने रुळवण्याचे मोठे काम गोव्याच्याच माणसाने केले. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७). त्यांच्या बुद्धचरित्रात ‘गोतम बोधिसत्त्व’ नावाचे प्रकरणच आहे, आणि बोधीसाठी प्रयत्न करणारा प्राणी असाच अर्थ ते देतात. संबोधीपूर्वीचा गौतम तो बोधिसत्त्व, नंतरचा तो बुद्ध, ही रेघ त्यांच्या लेखनात स्पष्ट आहे. शंका आली की आधी कोसंबींचे वाक्य काढून पाहावे.

आता अर्हत. मूळ धातू ‘अर्ह्’, योग्य असणे. नोकरीच्या जाहिरातीत ‘किमान शैक्षणिक अर्हता’ छापतात ती याच कुळातली. बौद्ध परिभाषेत अर्हत म्हणजे ज्याची दहाही संयोजने, म्हणजे बंधने, तुटली तो. ती तुटण्याचा क्रम ठरलेला आहे. देहमनाच्या गाठोड्याला ‘मी’ मानणारी सक्कायदिट्ठी, डळमळीत शंका म्हणजे विचिकिच्छा, आणि निव्वळ व्रतवैकल्यांनी शुद्धी होते ही समजूत, सीलब्बतपरामास. ही तीन तुटली की स्रोतापन्न, त्याला फार तर सात जन्म उरतात. कामराग आणि पटिघ (द्वेष) क्षीण झाले की सकदागामी (एकदाच परतणारा), समूळ गेले की अनागामी (न परतणारा). उरलेली पाच, म्हणजे रूपराग, अरूपराग, मान, उद्धच्च (चित्ताचे चंचलपण) आणि अविज्जा, गेली की अर्हत. ‘मान’ किती वरच्या पायरीपर्यंत टिकतो ते पाहा. अनागामीलाही ‘मी’पणाची ठसठस राहते.

म्हणून अर्हताला ‘छोटा बुद्ध’ म्हणणे मात्र टाळावे. रोजच्या वंदनेतले ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ घ्या: बुद्धालाच आधी ‘अरहतो’ म्हटले आहे. विनयपिटकाच्या (भिक्खुसंघाच्या नियमांच्या ग्रंथाच्या) महावग्गात पाच भिक्खूंची चित्ते मुक्त झाली तेव्हाची नोंद आहे की त्या वेळी जगात सहा अर्हत होते. पाच ते, सहावे स्वतः बुद्ध. मुक्ती एकच. फरक इतकाच की न सापडलेला मार्ग बुद्ध स्वतः शोधून काढतो, अर्हत तो ऐकून चालतो. दोघांच्या मधे पच्चेकबुद्ध: मार्ग स्वतः शोधणारा, पण त्याची शिकवण घालून न देणारा.

अर्हत आणि बोधिसत्त्व यांची तुलना मुळात जमतच नाही, कारण एक पोचलेला आहे आणि दुसरा चाललेला. दोघे कुठे वेगळे होतात ते सुमेधाच्या, म्हणजे गौतमाच्याच एका पूर्वजन्माच्या, कथेत दिसते. पूर्वीचे एक बुद्ध, दीपंकर, येत असताना सुमेध तापस चिखलात आडवा पडला, केस पसरले, आणि बुद्धांनी आपल्यावरून जावे अशी इच्छा धरली. तिथेच अर्हत होण्याची त्याची पात्रता होती. ती बाजूला ठेवून, इतरांनाही पार नेता यावे म्हणून, त्याने बुद्धत्वाचा संकल्प केला. पाली परंपरेत तिथून पुढे चार असंख्येय (मोजता न येण्याइतके दीर्घ काळ) आणि एक लाख कल्प इतका काळ सांगितला आहे. संकल्पाला संस्कृतात ‘प्रणिधान’ हा शब्द आहे, आणि महायानी आचार्य शांतिदेव त्यातही दोन चित्ते वेगळी करतात: बोधिप्रणिधिचित्त आणि बोधिप्रस्थानचित्त. जावेसे वाटणारा आणि निघालेला, इतका सरळ भेद.

निघालेल्याने करायचे काय, तर पारमी, म्हणजे पराकोटीला नेलेले गुण, पूर्ण करायच्या. पाली यादीत दहा: दान, शील, नेक्खम्म (गृहत्याग), प्रज्ञा, वीर्य, खंती (क्षमा), सत्य, अधिष्ठान (निश्चय), मेत्ता (मैत्री), उपेक्षा. प्रत्येकीचे तीन थर असल्याने एकूण तीस. दानच घ्या. आपल्या मालकीची वस्तू देणे ही पारमी, शरीराचा अवयव देणे ही उपपारमी, प्राण देणे ही परमत्थपारमी. संस्कृत महायानात त्यांना ‘पारमिता’ म्हणतात; तिथे आधी सहा (दान, शील, क्षांती, वीर्य, ध्यान, प्रज्ञा), पुढे उपाय, प्रणिधान, बल आणि ज्ञान मिळून दहा, आणि त्या बोधिसत्त्वाच्या वाटेवरच्या दहा भूमींशी, म्हणजे टप्प्यांशी, जोडल्या आहेत: प्रमुदितेत दान, विमलेत शील, प्रभाकरीत क्षांती, असे करत धर्ममेघेत ज्ञान. दोन याद्या सरमिसळ करून ‘दहा पारमिता’ म्हणून छापण्याची चूक फार होते. ‘मेत्ता’ आणि ‘ध्यान’ एकाच यादीत दिसले की समजावे, गफलत झाली.

दुसरी चूक जास्त खोल आहे. प्रत्येक चांगले काम पारमी ठरत नाही. चरियापिटक या पाली ग्रंथाच्या अट्ठकथेत, म्हणजे भाष्यात, अट घातली आहे: तृष्णा, मान आणि दृष्टी यांनी न बाधलेले, करुणा आणि उपायकौशल्य (योग्य उपाय योजण्याची हातोटी) यांनी धरलेले दानादी गुण म्हणजे पारमी. नावाची पाटी लागावी म्हणून दिलेली देणगी दान आहे, पुण्यही असेल, पण या व्याख्येत पारमी नाही. करुणा आहे आणि उपायकौशल्य नाही, तरीही ती लंगडीच.

बाबासाहेबांविषयी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी स्वतः बोधिसत्त्वाची व्याख्या बुद्ध होण्यासाठी झटणारा अशीच दिली आहे आणि मुदितेपासून धर्ममेघेपर्यंतच्या दहा अवस्था, एकेका जन्माला एक, ओळीने सांगितल्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बारावी दहा पारमिता पाळण्याची आणि तेरावी प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. बहुजनांच्या हितासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाला त्यांचे अनुयायी बोधिसत्त्व म्हणतात तेव्हा शब्दाचा मूळ अर्थ शाबूत राहतो. ‘बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ असे नावाआधी लावणे योग्यच आहे. ‘बाबासाहेबांना बोधिसत्त्व मिळाले’ हे मात्र पुन्हा तेच चुकीचे वाक्य.

प्रतिज्ञेत क्रियापद ‘पाळणे’ आहे, जुन्या पाली ग्रंथांत ‘पूरेति’, म्हणजे भरत आणणे. दोन्ही चालतील. रोजच्या आचरणाविषयी लिहायचे तर ‘पारमिता पाळणे’, दीर्घ साधनेविषयी तर ‘पारमी पूर्ण करणे’. बोधिचित्ताचा, म्हणजे बोधी मिळवण्याच्या मनोनिश्चयाचा, ‘उत्पाद’ होतो, साध्या मराठीत ते ‘जागते’. प्रणिधान करतात, बोधिचर्या आचरतात. ‘प्राप्त’ हे क्रियापद संबोधी, बुद्धत्व आणि अर्हत्त्व यांच्यासाठी राखून ठेवावे. बोधिसत्त्वाविषयीच ते वापरायचे असेल तर ‘बोधिसत्त्वपद’ म्हणावे. बोधिसत्त्व पुल्लिंगी, बोधी आणि संबोधी स्त्रीलिंगी.

पत्रिकेतले वाक्य असे करा: ‘बोधिसत्त्व सिद्धार्थ गौतमाला वयाच्या ३५व्या वर्षी, वैशाखी पौर्णिमेला, उरुवेलेत (आजच्या बोधगयेत) संबोधी प्राप्त झाली.’ पुढच्या ओळीपासून त्याला ‘सिद्धार्थ’ किंवा ‘बोधिसत्त्व’ म्हणू नका. तिथून ‘भगवान बुद्ध’ किंवा ‘तथागत’ लिहा.