वाचकांचे प्रश्न : निकालावर पैसे, पण छेदात कोण?

प्रश्न : आमचा न्यास सांगली जिल्ह्यात व्यसनमुक्ती केंद्र चालवतो. आजवर शासकीय अनुदान खर्चाच्या विवरणावर आणि उपयोगिता प्रमाणपत्रावर मिळत असे. नव्या कराराच्या मसुद्यात मात्र ४० टक्के रक्कम निकालाशी जोडली आहे. उपचारानंतर ७० टक्के रुग्ण सहा महिने व्यसनापासून दूर राहिले, तरच ती मिळेल. आमच्याकडे वर्षाला साठ रुग्ण येतात. सही करावी का?
— एक विश्वस्त

उत्तर : मसुदा तुम्ही लिहिता तसाच असेल तर सही करू नये, असे माझे मत आहे, मात्र निकाल विचारण्याला माझा विरोध नाही. पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले, एवढेच उपयोगिता प्रमाणपत्र सांगते. माणूस दारूतून सुटला की नाही हा प्रश्न त्या कागदावर कोठेच येत नाही, आणि तो विचारण्याचा शासनाला पूर्ण अधिकार आहे. अडचण आहे ती हे ७० टक्के नक्की कोणापैकी, याची.

सहा महिन्यांनी ज्याचा फोन लागत नाही, जो ऊसतोडीला गेला आहे, किंवा ज्याची पत्नी ‘बरं चाललंय’ एवढेच म्हणून फोन ठेवते, त्याला कोठे मोजायचे? न सापडलेले रुग्ण छेदातून, म्हणजे ज्या एकूण संख्येवर टक्केवारी काढायची तिच्यातून, वगळले तर कसेही चालणारे केंद्र उत्तीर्ण होईल, आणि त्यांना सरसकट अपयशी धरले तर चांगले केंद्रही नापास होईल. तुमचा मसुदा यावर गप्प आहे असे दिसते. शिवाय साठांपैकी ७० टक्के म्हणजे ४२. त्यांतले तिघे गावच्या जत्रेत घसरले की उरतात ३९, म्हणजे ६५ टक्के. तेवढ्यावर अनुदानाचा ४० टक्के भाग जाणार असेल तर त्याला कामगिरीचे मोजमाप म्हणणे कठीण आहे.

ज्यांना छेदात येऊच दिले जात नाही, त्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. ब्रिटन सरकारने २०११ साली बेरोजगारांसाठी ‘वर्क प्रोग्रॅम’ सुरू केला, तेव्हा कंत्राटदारांना मिळणारी रक्कम मुख्यतः माणूस नोकरीत टिकण्यावर अवलंबून ठेवली होती. आजारपणामुळे दीर्घकाळ घरी बसलेल्यांकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून त्यांच्यासाठी जास्त दरही ठेवला होता. तरीही जे आपणहून लवकर कामाला लागण्यासारखे होते त्यांच्यावर मेहनत घेणे आणि अवघड माणसे नुसती यादीत ठेवणे, हे घडलेच. पहिल्या प्रकाराला तिकडे मलई काढणे म्हणतात. त्यासाठी दुष्ट हेतू लागत नाही. तिसऱ्यांदा दाखल व्हायला आलेला, यकृत गेलेला, सोबत कोणी नसलेला रुग्ण दारात उभा असेल आणि कर्मचाऱ्यांचे दोन महिन्यांचे पगार थकले असतील, तर ‘खाट रिकामी नाही’ हे वाक्य सज्जन माणसाच्या तोंडूनही निघते.

हे टाळता येते. इंग्लंडमधील पीटरबरो तुरुंगातून एक वर्षापेक्षा कमी शिक्षा भोगून सुटणाऱ्या पुरुष कैद्यांसाठी २०१० साली असाच करार झाला : पैसे गुंतवणूकदारांनी आधी घालायचे आणि पुन्हा दोषी ठरण्याचे प्रमाण ठरल्याइतके घटले तरच त्यांना परतावा मिळायचा. त्यात मदत घेवो वा न घेवो, सुटणारा असा प्रत्येक कैदी छेदात धरला गेला, आणि तुलना देशातील तशाच इतर कैद्यांशी केली गेली. पहिल्या सुमारे हजार जणांच्या तुकडीत पुन्हा दोषी ठरण्याच्या घटना ८.४ टक्क्यांनी घटल्या. पण एका तुकडीसाठी अट १० टक्क्यांची असल्याने तेव्हा परतावा मिळाला नाही. २०१७ साली दोन्ही तुकड्यांची मिळून घट ९ टक्के निघाली, एकत्रित अट ७.५ टक्क्यांची होती, आणि मग पैसे मिळाले. मात्र एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तेथे ५० लाख पौंड गुंतवणूकदारांनी आधी घातले होते. कैद्यांना भेटणाऱ्या संस्था निकालाची वाट पाहत उपाशी बसल्या नव्हत्या. तुमच्या मसुद्यात तेवढा काळ थांबायचे आहे ते तुमच्या समुपदेशकाने आणि स्वयंपाकीणबाईंनी.

तेव्हा निविदापूर्व बैठकीत लेखी मागणी करा की निकालाशी जोडलेला भाग दहा टक्क्यांच्या आसपास असावा आणि तो एका रेषेवर सगळा किंवा काहीच नाही असा न देता प्रमाणात द्यावा. न सापडलेल्या रुग्णांविषयीचा नियम आधीच ठरावा. वारंवार दाखल होणाऱ्यांची गणना वेगळी व्हावी. आणि मोजणी तुम्हीही करू नये, खात्यानेही करू नये.

प्रश्न : मी बांधकाम खात्यात अभियंता होतो. मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय एकाही कंत्राटदाराचे बिल मी काढले नाही. समाजसेवेतल्या संस्थांना हीच शिस्त का नको?
— एक निवृत्त वाचक

उत्तर : हवीच, आणि ती नीट पाळल्याचे चांगले उदाहरण आपल्याच देशात आहे. राजस्थानातील भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या काळात ‘एज्युकेट गर्ल्स’ या संस्थेच्या कामाचे पैसे मुख्यतः मुलांच्या शिकण्यावर आणि काही अंशी शाळाबाह्य मुलींच्या पटनोंदणीवर ठरले. भांडवल एका स्विस प्रतिष्ठानाने घातले, निकालाचे पैसे ब्रिटनमधील दुसऱ्या प्रतिष्ठानाने दिले (सरकारने नव्हे, हे सांगायला हवे), आणि मोजणी तिसऱ्याच संस्थेने केली. दुसऱ्या वर्षाअखेर शिकण्याचे आकडे उद्दिष्टाच्या बरेच मागे होते. गैरहजर मूलही हिशेबात असल्यामुळे संस्थेला त्याच्याकडे दुर्लक्ष करता आले नाही. मुलांचे गट इयत्तेऐवजी त्यांना काय येते त्यावरून पाडले आणि शाळेत न येणाऱ्यांच्या घरी जाऊन शिकवले. अखेरीस शिकण्याचे उद्दिष्ट १६० टक्के आणि पटनोंदणीचे ११६ टक्के गाठले गेले.

पण स्लॅब पुन्हा दारू पीत नाही, आणि आपण ओतलाच नसता तर तो आपोआप उभा राहिला असता का, हा प्रश्नही तुम्हाला कधी पडला नसेल. येथे तोच मुख्य प्रश्न असतो. अमेरिकेतील युटा राज्यात गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेने बालवाडीसाठी पैसे घातले. चित्रे दाखवून शब्द ओळखायला लावणाऱ्या एका चाचणीवरून ११० मुलांना पुढे विशेष शिक्षण लागेल असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात ते एकालाच लागले, आणि १०९ मुले ‘वाचली’ या हिशेबाने २०१५ साली पहिला परतावा दिला गेला. त्यांतल्या बहुतेकांना ते तसेही लागले नसते, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला. मोजणी बिनचूक होती, पण छेदच फुगवलेला होता.

त्यातही भिलवाड्यासारखी मोजणी स्वस्त नसते. तुलनेसाठी दुसऱ्या शाळा निवडायच्या, तेथील मुलांच्याही चाचण्या घ्यायच्या, यावर जो खर्च होतो तो साठ रुग्णांच्या केंद्राला तर सोडाच, तालुक्यालाही परवडणार नाही. अशा ठिकाणी पैसे खर्चावरच द्यावेत, आणि किती दाखल झाले, किती सापडले, किती सापडले नाहीत, हे तिन्ही आकडे दर सहा महिन्यांनी केंद्राच्या दारावर लावायला सांगावेत, एवढेच मी सुचवेन.