बँकांनी ठेवींवरचं व्याज वाढवलं, तर देशाची बचत वाढते का?

तुम्ही विचारलंय की ठेवींचे दर वाढले की देशाची एकूण बचत वाढते का. माझं मत असं, की एकूण बचत फारशी हलत नाही. ती कुठे ठेवली जाते ते मात्र नक्की बदलतं.

मी बरीच वर्षं बँकेत ठेवींच्या काउंटरवर काम केलं. दर घसरले की दोन खातेदार अगदी उलट वागायचे. मुलीच्या शिक्षणासाठी ठरावीक रक्कम जमवणारा आरडीचा हप्ता वाढवून मागायचा, कारण व्याजातली घट पगारातून भरून काढायची असे. ज्या काकांना पेन्शन नाही, दहा लाखांच्या एफडीवरच घर चालतं, त्यांचं वेगळंच. ८ टक्क्यांना वर्षाचे ८०,००० मिळायचे, साडेपाचला ५५,०००. औषधं तर थांबत नाहीत. मग मुदत संपली की थोडी मुद्दल काढून घ्यायची आणि उरलेली रिन्यू करायची. एकाची बचत वाढली, दुसऱ्याची घटली. देशाच्या बेरजेत यातलं बरंचसं एकमेकांत जिरून जातं.

शिवाय पाटीवरचा दर बघून उपयोग नाही, त्यातून महागाई वजा करा. २०१० ते २०१३ च्या सुमारास एफडीवर ९ टक्क्यांच्या आसपास मिळत होते, पण महागाईही तितकीच, कधी जास्त होती. लोक सरळ सराफाकडे जाऊन सोन्याची वेढणी घेत. सरकारी हिशेबात सोनंही बचतच धरतात, पण कपाटातल्या वेढण्यांतून कुणा कारखान्याला कर्ज मिळत नाही. वर ते सोनं आयातीचं. २०१२-१३ मध्ये देशाची चालू खात्यावरची तूट, म्हणजे आयात वगैरे परदेशी व्यवहारांत आलेल्यापेक्षा जास्त बाहेर गेलेला पैसा, जीडीपीच्या ४.८ टक्क्यांवर गेली, त्यात सोन्याचा वाटा मोठा होता.

दरापेक्षा मला बँक जवळ असणं जास्त महत्त्वाचं वाटतं. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा देशभरात जेमतेम सव्वाआठ हजार शाखा होत्या; १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. सत्तरच्या दशकात देशाचा बचतदर चांगलाच चढला, आणि तोही १९७३-७४ मध्ये घाऊक महागाई २० टक्क्यांवर गेलेली असताना! म्हणजे ठेवीदाराच्या हाती खरं व्याज उणेच पडत होतं. तरी गावात शाखा उघडली की माणसं पैसे घेऊन यायची, कारण तोवर ते ठेवायला सुरक्षित जागाच नव्हती.