सायझिंगच्या पीव्हीएची रचना एनएमआरने कशी तपासायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सोलापुरात पॉलिमर केमिस्ट्रीत एमएस्सी करताय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका सायझिंगमधून ताण्याच्या खळीसाठी वापरतात त्या पीव्हीएचे, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे, दोन नमुने आणलेत. एका गोणीवर १७८८ लिहिलंय, दुसरीवर १७९९. एनएमआरवरून, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूतल्या अणूंचे सिग्नल नोंदवणाऱ्या तपासणीवरून, यांच्या रचनेबद्दल नक्की काय कळेल, आणि सगळे सिग्नल पसरट का येतात, हे तुम्हाला हवंय.

आधी गोणीवरचा आकडा. १७ म्हणजे साखळीत सरासरी १७०० एकक, ८८ म्हणजे त्यातल्या शंभरपैकी ८८ एककांवर ओएच आणि उरलेल्या १२ वर ॲसिटेट. पीव्हीए थेट व्हिनाइल अल्कोहोलपासून बनत नाही. आधी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट करतात आणि मग मिथेनॉलमध्ये अल्कली घालून त्यातले ॲसिटेट काढतात. जे राहून जातात, तेच हे १२. एनएमआर तीन गोष्टी चांगल्या सांगतो: ॲसिटेट किती उरले, ते साखळीवर कसे विखुरलेत, आणि ओएच एकमेकांच्या कोणत्या बाजूला आहेत. १७०० हा आकडा मात्र त्यातून काढायच्या मागे लागू नका. १७०० एककांमागे टोकं दोनच असतात आणि त्यांचे सिग्नल बेसलाइनच्या गोंगाटात बुडतात. त्यासाठी २० अंशाला ४ टक्के द्रावणाची व्हिस्कॉसिटी मोजलेली बरी.

सगळ्यात जास्त चुका नमुना तयार करताना होतात. गोणीतल्या भुकटीत सोडियम ॲसिटेट आणि मिथेनॉल उरलेलं असतं. भुकटी मिथेनॉलमध्ये तासभर ढवळा, गाळा, आणखी दोनदा धुवा. मग ६० अंशाला व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर वाळवा. घाईने १५० अंशांच्या वर नेऊ नका, साखळीतून पाणी निघून दुहेरी बंध तयार होतात आणि नमुना पिवळा पडतो. पावसाळ्यात भुकटी ओलावा पटकन धरते, तेव्हा बाटलीत सिलिका जेल ठेवा.

ॲसिटेटचं प्रमाण काढायचं तर द्रावक म्हणून जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेलं) घ्या. १० ते १५ मिलिग्रॅम भुकटी, ०.६ मिलिलिटर जड पाणी, ५ मिलिमीटरची ट्यूब, द्रावणाची उंची साधारण ४ सेंटिमीटर. संदर्भासाठी चिमूटभर टीएसपी हा क्षार, त्याचा सिग्नल ० पीपीएमला (पीपीएम म्हणजे स्पेक्ट्रमच्या आडव्या पट्टीवरचं माप) धरायचा. सायझिंगमधला खळ शिजवणारा माणूस जे करतो तेच इथे करा: भुकटी गार पाण्यात टाकून ढवळत राहा आणि मग तापवा. गरम पाण्यात टाकली तर कणांवर चिकट साल धरते आणि गुठळ्या होतात. १७९९ ला ९० ते ९५ अंश लागतात, १७८८ त्याहून कमी तापमानाला विरघळतो. हे एका छोट्या झाकणबंद बाटलीत करून द्रावण पूर्ण पारदर्शक झाल्यावरच ट्यूबमध्ये भरा. ट्यूबमध्ये न विरघळलेला कण राहिला तर शिमिंग, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं, जमत नाही आणि दोष मशीनवर जातो.

४०० मेगाहर्ट्झवर ९० अंशांचा पल्स, ३ सेकंद ॲक्विझिशन (सिग्नलची नोंद), पुढच्या पल्सआधी १० सेकंदांचा थांबा आणि ६४ स्कॅन ठेवा. म्हणजे एका नमुन्याला साधारण १४ मिनिटं. इतका थांबा कशासाठी, असं ऑपरेटर विचारेल. साखळीचा कणा लवकर पूर्वस्थितीत येतो, पण ॲसिटेटचा मिथाइल मोकळेपणी फिरत असतो, त्याला जास्त वेळ लागतो. थांबा १ सेकंद ठेवला तर मिथाइल कमी मोजला जातो आणि हायड्रॉलिसिस (ॲसिटेट निघून ओएच झालेल्या एककांचं प्रमाण) आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

आता वाचन. साखळीतल्या ॲसिटेटचा मिथाइल २.१ पीपीएमच्या आसपास, सीएच२ १.५ ते १.९ मध्ये, ओएच असलेला सीएच ४.० जवळ. ॲसिटेट असलेला सीएच ५ च्या आसपास येतो, पण तिथेच ४.८ ला पाण्याचा मोठा सिग्नल असतो. म्हणून सीएचवर हिशेब बांधू नका, सीएच२ घ्या. सीएच२ चं क्षेत्रफळ २०० धरा, म्हणजे १०० एकक झाले. मिथाइलचं क्षेत्रफळ ३६ आलं तर ३ ने भागून १२ ॲसिटेट, म्हणजे ८८ मोल टक्के हायड्रॉलिसिस. मिथेनॉलने धुतलेलं नसेल तर १.९ ला सोडियम ॲसिटेटची सुईसारखी अरुंद रेघ सीएच२ च्या उतारावर बसलेली दिसेल. ती इंटिग्रलमध्ये, म्हणजे मोजलेल्या क्षेत्रफळात, गेली की आकडा बिघडलाच. अरुंद रेघ सुट्या लहान रेणूची, पसरट उंचवटा साखळीचा, ही खूण पक्की लक्षात ठेवा. आणि मोल टक्के व वजनी टक्के यांत गल्लत करू नका: १२ मोल टक्के ॲसिटेट एकक वजनाने २१ टक्के भरतात, कारण ॲसिटेट एककाचा रेणुभार ८६ आणि ओएच एककाचा ४४ आहे.

१७९९ च्या बाबतीत मी स्पष्टच सांगतो, नुसता टक्का हवा असेल तर एनएमआर योग्य साधन नाही. २०० च्या समोर ३ चं क्षेत्रफळ मोजताना बेसलाइन थोडी वाकडी असली तरी उत्तर हलतं. त्याला कॉस्टिकने सॅपोनिफिकेशन करून (म्हणजे उरलेले ॲसिटेट तोडून) उलट टायट्रेशन करा, म्हणजे शिल्लक कॉस्टिक आम्लाने मोजा, ते तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतच होईल.

एनएमआरची खरी किंमत पुढच्या गोष्टीत आहे. दोन नमुने ८८ टक्क्यांचे असूनही एकात ॲसिटेट ठिकठिकाणी विखुरलेले आणि दुसऱ्यात गटागटाने बसलेले असू शकतात. टायट्रेशनला दोन्ही सारखेच. हे कार्बन-१३ मध्ये सीएच२ वर दिसतं. दोन्ही बाजूंना ओएच असलेला सीएच२ साधारण ४५ पीपीएमला, एकीकडे ओएच आणि एकीकडे ॲसिटेट असलेला ४२ च्या आसपास, दोन्हीकडे ॲसिटेट असलेला ३९ च्या आसपास. इथे ड्यूटेरियमयुक्त डीएमएसओ हा दुसरा द्रावक वापरू नका, त्याचे स्वतःचे सात सिग्नल ३९.५ ला नेमके याच जागी येतात. जड पाण्यात ८० ते १०० मिलिग्रॅम घ्या, काही हजार स्कॅन लावा आणि रात्रभर चालू द्या. तिन्ही सिग्नल एकाच जातीच्या कार्बनचे असल्याने आपापसांतली तुलना नेहमीच्या डिकपलिंगमध्येही (हायड्रोजनमुळे होणारी सिग्नलची फूट काढून टाकणाऱ्या मोजणीतही) चालते.

समजा मिश्र जोड्यांचा, म्हणजे ४२ च्या सिग्नलचा, वाटा ०.१० आला. ॲसिटेट पूर्ण यादृच्छिक असते तर तो २ × ०.८८ × ०.१२, म्हणजे ०.२११ असता. भागाकार ०.४७. हा आकडा १ च्या जवळ असेल तर विखुरलेले, शून्याकडे झुकला तर गटागटाने, १ च्या वर गेला तर आलटून पालटून. अल्कलीने सॅपोनिफाय केलेला माल साधारण ०.४ ते ०.५ देतो, कारण आधी तयार झालेला ओएच शेजारच्या ॲसिटेटची अभिक्रिया सोपी करतो. ताळा असा: दोन्हीकडे ॲसिटेट असलेल्या जोड्यांचा वाटा ०.१२ वजा मिश्र वाट्याचा निम्मा ०.०५, म्हणजे ०.०७ यायला हवा. तो जुळला नाही तर बेसलाइन किंवा फेज पुन्हा बघा. गटागटाने बसलेले ॲसिटेट पृष्ठताण जास्त कमी करतात, म्हणून तुमच्या अहवालात हा आकडा असायलाच हवा.

तिसरी गोष्ट टॅक्टिसिटी, म्हणजे ओएच एकमेकांच्या कोणत्या बाजूला आहेत ते, आणि तिथे उलट डीएमएसओच हवा. जड पाण्यात ओएचचा प्रोटॉन ड्यूटेरियमशी अदलाबदल करून नाहीसा होतो. डीएमएसओ त्याला हायड्रोजन बंधाने धरून ठेवतो आणि तीन सिग्नल सुटे दिसतात: तिन्ही शेजारी ओएच एकाच बाजूला असतील तर ४.६७, दोनच एका बाजूला तर ४.४७, आलटून पालटून असतील तर ४.२२ च्या जवळपास. बाजारातल्या पीव्हीएत यांचं प्रमाण जवळजवळ १:२:१ येतं, शेवटचा किंचित वरचढ. तिन्ही मिसळून एकच फुगवटा दिसला तर नमुन्यात पाणी किंवा सोडियम ॲसिटेट उरलंय. ८० ते ९० अंशाला तासभर ठेवून विरघळवा, मात्र स्पेक्ट्रम २५ अंशाला घ्या. तापमान वाढवलं की हे सिग्नल सरकतात.

पसरटपणाचं उत्तर यातच अर्धं आलं. प्रत्येक एककाचा शेजार वेगळा, म्हणून जो एक सिग्नल वाटतो तो अनेक जवळजवळच्या सिग्नलांचा ढीग असतो. हा भाग म्हणजे माहिती आहे, तो घालवू नका. उरलेला अर्धा लांब साखळी सावकाश फिरते म्हणून. तो द्रावण पातळ करून आणि ॲसिटेटच्या मोजणीपुरतं तापमान ६० अंशांपर्यंत नेऊन कमी होतो. बोव्ही आणि टायर्स यांनी १९६० मध्ये पीएमएमए या (ॲक्रिलिक काचेच्या) पॉलिमरची टॅक्टिसिटी अशाच शेजारानुसार सुटलेल्या मिथाइल सिग्नलांवरून दाखवली. डोळा तयार करायला तो नमुना उत्तम: क्लोरोफॉर्ममध्ये ०.८५, १.०२ आणि १.२१ पीपीएम.

सोलापूरहून पुण्याला एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेकडे किंवा मुंबईला आयआयटीच्या सैफ या उपकरण-केंद्राकडे नमुना पाठवणार असाल तर द्रावण नको, कोरडी भुकटीच पाठवा. फॉर्मवर द्रावक, तापमान, थांबा आणि स्कॅन स्वतः लिहा, नाहीतर लहान रेणूंसाठीची नेहमीची सेटिंग लागतील. छापील कागदावर समाधान मानू नका, कच्ची एफआयडी फाइल (मशीनने नोंदवलेला मूळ सिग्नल) मागून घ्या.

शेवटी नमुना कुठून घेताय याबद्दल. तयार खळीतून घेतलात तर डीएमएसओमध्ये स्टार्चचा ५.१ चा सिग्नल आणि मेणचरबीचा १.२ चा सिग्नल मध्ये येतील. हेक्झेनने चरबी काढा, स्टार्च ॲमिलेजने तोडून धुऊन टाका. टॉवेलच्या डिसायझिंगच्या (खळ धुऊन काढण्याच्या) पाण्यातून पीव्हीए परत मिळवायचा विचार असेल आणि तिथे कॉस्टिक वापरत असतील, तर तो नमुना घेऊ नका. गरम कॉस्टिकमध्ये उरलेले ॲसिटेटही निघून जातात आणि १७८८ तुम्हाला ९९ दिसेल.