गरोदरपणात थायरॉइडची गोळी चालू ठेवावी का? आणि डोकं दुखलं तर घरातली गोळी चालते का?

ताई, सगळ्यात आधी एक सांगते. थायरॉइडची गोळी बंद करू नका. केली असेल तर उद्या सकाळपासून परत चालू करा आणि डॉक्टरांना तसं फोनवर कळवा.

तुम्ही लिहिलंय की पाचवा महिना चालू आहे, पोटात बाळ असताना रोजची गोळी नको असं सासूबाईंचं म्हणणं आहे, आणि परवा डोकं दुखलं तेव्हा घरातल्या डब्यातली कॉम्बिफ्लाम त्यांनीच दिली. मी तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे आणि हे काउंटरवर सतत बघते. चिठ्ठीवरच्या गोळीची धास्ती असते, डब्यातल्या गोळीबद्दल कुणी विचारतही नाही. नवरा येतो, ‘डोकेदुखीची एक स्ट्रिप द्या’ म्हणतो. ‘कुणासाठी?’ विचारल्यावर मग कळतं की बायकोला सातवा लागलाय.

सासूबाईंची काळजी मी उडवून लावणार नाही. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध बाजारात आलं, गरोदर बायका ते मळमळीवर घेऊ लागल्या, आणि १९६१च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. म्हणून गरोदर बाईला औषध देताना दहा वेळा विचार करायलाच हवा.

पण तुमच्या गोळीत आहे ते थायरॉक्सिन, म्हणजे आपल्या गळ्यातली ग्रंथी जे बनवते तेच. बाळाची स्वतःची ग्रंथी तिसऱ्या महिन्याच्या आसपास कामाला लागते, तरी साधारण पाचव्या महिन्यापर्यंत त्याची मदार आईवरच असते, आणि त्याच काळात त्याचा मेंदू घडत असतो. आईला ते कमी पडलं तर गर्भपाताचा आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. उलट गरोदरपणात हा डोस बहुतेकींना वाढवावा लागतो, म्हणून पहिल्या निम्म्या काळात दर चार आठवड्यांनी रक्तातला टीएसएच (थायरॉक्सिन कमी पडलं की हा वाढतो) तपासतात. तुमचा शेवटचा कधी झाला?

शिवाय ही गोळी कशी घेता तेही बघा. पुष्कळ बायका थायरॉइडची, कॅल्शियमची आणि आशाताईंनी दिलेली लोहाची लाल गोळी सकाळी चहाबरोबर एकदमच घेतात. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडची गोळी अंगी लागू देत नाहीत. गोळी रोज घेऊनही टीएसएच चढलेला दिसतो, त्याचं कारण कधी कधी एवढंच असतं. थायरॉइडची उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासोबत घ्या, त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नको. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, म्हणजे चार तासांचं अंतर आपोआप पडतं. लोहाची रात्री झोपताना. कॅल्शियम दोनदा लिहिलं असेल तर दुसरी रात्रीच्या जेवणासोबत घ्या आणि लोहाच्या आधी दोन तास जाऊ द्या. लोहाने शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका.

(फिटच्या, बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्या कुणी हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते. काही औषधं खरोखरच बदलावी लागतात, फिटवरचं व्हॅल्प्रोएट त्यातलंच. पण ती डॉक्टर बदलतात. फिटची गोळी आपण होऊन एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, आणि ती आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.)

आता कॉम्बिफ्लाम. एकच घेतलीय, त्याने बाळाला काही होण्याची शक्यता फार कमी आहे, तेव्हा जीव टांगणीला लावू नका. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा आणि पुन्हा घेऊ नका. तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन असतं. विसाव्या आठवड्यापासून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. सातव्या महिन्यानंतर तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधीच बंद होण्याचा धोका असतो. मात्र बीपीसाठी डॉक्टरांनी कमी डोसची ॲस्पिरिन लिहून दिली असेल तर ती वेगळी गोष्ट, ती चालू ठेवा.

ताप किंवा डोकेदुखीसाठी साधी पॅरासिटामॉल घेता येते, लागेल तेवढीच, थोडे दिवस. सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच, म्हणून दोन्ही एकदम नकोत. कुठलीही स्ट्रिप घेताना कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेले घटक दुकानदाराकडून वाचून घ्या, आणि पाचवा महिना आहे हे पहिल्यांदा सांगा.

आणि ही डोकेदुखी परत आली, डोळ्यांसमोर अंधारी आली किंवा चेहरा-हात सुजले, तर गोळी न शोधता त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. १४०/९० किंवा त्यावर असेल तर तिथूनच दवाखान्यात जा, रात्र असली तरी.